वसंत ऋतूच्या मिक्स्ड मीडिया किटमधील कागद आणि जेसो वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: १२ किटची पूर्ण रक्कम परत मिळणे आणि माहितीपत्रकात दुरुस्ती होणे

महोदय/महोदया,

तुमच्या संकेतस्थळावरून आम्ही वसंत ऋतूची भेटकार्डे बनवण्याची १२ मिक्स्ड मीडिया किट (कागद, रंग, पेस्ट असे वेगवेगळे साहित्य एकत्र वापरण्याची) मागवली. दर १,४५० रुपये, एकूण १७,४०० रुपये. त्यातली ७ उघडली, ५ सीलबंद आहेत. पहिल्या तक्रारीला तुमच्याकडून दोन ओळींचे उत्तर आले: ‘उष्ण हवामान आणि अयोग्य हाताळणी यामुळे असे होऊ शकते. फुटलेल्या बाटल्या बदलून देऊ.’ बाटल्या फुटलेल्या नाहीत, तशी तक्रारही नव्हती. म्हणून हे सविस्तर पत्र. जाहिरात मराठीत होती, त्यामुळे पत्रही मराठीत.

कागदापासून सुरुवात करतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. खोक्यावर ‘३०० जीएसएम, ए-४, ५ शीट’ असे छापले आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ए-४ शीट २१० × २९७ मिमी असते, म्हणजे ३०० जीएसएमच्या एका शीटचे वजन १८.७ ग्रॅम भरायला हवे. दोन किटमधली १० शीट सराफाच्या काट्यावर ठेवली (जळगाव जिल्ह्यात त्या काट्याची वाण नाही). १८७ ग्रॅम अपेक्षित होते, भरले १२५. हिशेब केला तर हा कागद २०० जीएसएमचा ठरतो. इथली हवा कोरडी आहे, कागद थोडा ओलावा सोडतो हे खरे, पण त्याने वजन दोन-चार टक्के कमी होईल. एक तृतीयांश कागद हवेत उडून जात नाही.

हा फरक किरकोळ नाही. कार्डाच्या थरांच्या पार्श्वभूमीत एकाच शीटवर जेसो (रंगाआधी द्यायचे पांढरे अस्तर), कोलाज (चिकटवलेले छापील कागद), पातळ जेसो, टेक्स्चर पेस्ट (उठावाच्या नक्षीसाठीची घट्ट पेस्ट), रंगाचे पाणी असे पाच-सहा ओले थर एकामागून एक बसतात. प्रत्येक थर सुकताना आकसतो आणि कागदाला आपल्याकडे ओढतो. ३०० जीएसएमचा कागद हा ताण सोसतो आणि उरलेला बाक रात्रभर वजनाखाली दाबला की जातो. २०० जीएसएमचा कागद पहिल्या पाण्यालाच लाटा धरतो. लाटेच्या खळग्यात रंग साचतो, उंचवट्यावर पेस्ट पातळ बसते आणि स्टेन्सिल, म्हणजे नक्षी कापलेला पातळ साचा, कुठेच सपाट टेकत नाही. मागच्या बाजूला जेसोचा एक हात दिला तर ओढ थोडी समतोल होते, पण तुमच्या पत्रकात त्याचा उल्लेख नाही आणि १०० मिलीच्या बाटलीत ५ शीटच्या दोन्ही बाजूंना पुरेल इतका जेसोही नाही.

आता जेसो. ॲक्रिलिक जेसो म्हणजे ॲक्रिलिकचा बांधणारा घटक, खडूसारखी पूड आणि पांढरा रंग. सुकल्यावर पृष्ठभाग हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो, पेन्सिल धरतो, आणि मुख्य म्हणजे पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तुमच्या बाटलीतला थर सुकल्यावर गुळगुळीत लागतो. २४ तासांनी ओले बोट फिरवले तर बोट पांढरे झाले. तीन दिवसांनी फिरवले, तरी झाले. याचा अर्थ बाटलीत बाहेर लिहिल्याप्रमाणे ॲक्रिलिक जेसो नाही, पाण्यात परत सुटणारा साधा पांढरा रंग आहे. भिंतीच्या डिस्टेंपरवर ओला हात लागला की जे होते, तेच इथे होते.

त्याचा परिणाम शेवटच्या पायरीला दिसतो, म्हणून नवख्या माणसाला वाटते की आपलाच हात चुकला. स्टेन्सिलवरून पेस्ट लावली, ती सुकली, नीट दिसली. मग वरून रंगाचे पाणी फवारले. पाणी पेस्टच्या आजूबाजूने खाली झिरपते, तळाचा पांढरा थर ओला होऊन फुगतो आणि वरची पेस्ट पायाखालची माती सरकावी तशी सुटते. आमच्याकडे २८ पैकी १९ शीटवर पेस्टची नक्षी पापुद्र्यांसारखी निघाली. जिथे निघाली नाही तिथे सुटलेला पांढरा रंग वरच्या रंगात मिसळला. पळसाचा केशरी दुधात कालवल्यासारखा झाला आणि हळदी पिवळा ताकाच्या कढीसारखा.

हवामान आणि हाताळणी या तुमच्या मुद्द्याचे उत्तर पुढच्या चाचणीत आहे. ती तुम्हीही करून पाहू शकता, एक दिवस पुरतो. एकाच टेबलावर, एकाच हाताने, एकाच दुपारी चार तुकडे केले. पहिला: आमच्याकडचा ३०० जीएसएम कागद आणि आमचा जेसो. दुसरा: आमचा कागद, तुमचा जेसो. तिसरा: तुमचा कागद, आमचा जेसो. चौथा: दोन्ही तुमचे. चारही तुकड्यांवर पेस्ट, स्टेन्सिल आणि रंग तुमच्याच किटमधले वापरले. पहिला तुकडा सपाट राहिला, काहीही सुटले नाही. दुसरा सपाट राहिला, पण फवारणीनंतर पेस्ट सुटली. तिसऱ्यावर पेस्ट घट्ट राहिली, मात्र कोपरा टेबलापासून १४ मिमी उचलला गेला. चौथ्यावर दोन्ही गोष्टी झाल्या. ऊन चौघांनाही सारखेच होते. या चाचणीत तुमच्या रंगांनी चांगले काम केले, सुकल्यावर ते हलत नाहीत. रंगांबद्दल आमची काहीही तक्रार नाही, हेही नोंदवून ठेवतो.

टेक्स्चर पेस्टमध्ये दोष अर्धा मालाचा आणि अर्धा पत्रकाचा आहे. उघडलेल्या ७ पैकी ४ डब्यांत कडेची पेस्ट वाळून खडे झाले होते, कारण झाकणाखाली आतले सील नाही. खडा स्टेन्सिलच्या भोकात अडकला की पट्टीबरोबर ओढला जातो आणि फुलाच्या मधोमध चर पडते. शिवाय स्टेन्सिल इतकी पातळ आहे की पट्टीच्या दाबाने ती वाकते आणि पेस्ट खाली घुसते, त्यामुळे पानांच्या कडा फुगीर दिसतात. पत्रक मात्र सांगते, ‘५ मिमी जाड थर द्या आणि ड्रायरने सुकवा.’ असे कोणी करू नये. ड्रायरच्या गरम हवेने वर कातडे धरते, आत पेस्ट ओली राहते, आणि आतली पेस्ट सुकताना वरचे कातडे तडकते. मार्चनंतर खान्देशात तर ड्रायरचीही गरज नाही, पंख्याची हवा लागली तरी हेच होते. दीड मिलिमीटरच्या आत एक थर द्यावा, सावलीत, पंखा बंद करून रात्रभर ठेवावा, आणि जास्त उंची हवी असेल तर दुसऱ्या दिवशी दुसरा थर द्यावा. ‘फक्त ४५ मिनिटांत कार्ड’ या जाहिरातीत हे बसत नाही, हे आम्हाला कळते.

पत्रकातला क्रमही चुकलेला आहे. कोलाजनंतर ‘जेसोचा पूर्ण हात’ द्यायला सांगितले आहे. पूर्ण हात दिला तर खालचे छापील कागद दिसणारच नाहीत, मग ते चिकटवायचे कशाला? तिथे जेसोत तितकेच पाणी घालून हात द्यायचा आणि लगेच कापडाने टिपून घ्यायचा, म्हणजे अक्षरे धुक्यातून दिसावीत तशी दिसतात. किटमधले फुलांचे टिश्यू तीन पदरी आहेत. फक्त वरचा छापील पदर सोडवून वापरायचा असतो, हे पत्रकात कुठेच नाही. तिन्ही पदर एकत्र चिकटवले तर चिकटद्रव फक्त खालच्या पदराला धरतो आणि छापील पदर नखाने निघतो. नवीन माणसाला हे सांगावेच लागते.

शिक्क्याची शाई ‘वॉटरप्रूफ काळी’ आहे म्हणता. साध्या कागदावर ठसा उमटवून तो अर्धा तास सुकू दिला आणि ओला ब्रश फिरवला. काळ्याची जांभळट रेघ पसरली. वॉटरप्रूफ शाई अशी पसरत नाही. आणि पत्रकात ठसा आधी, रंगाचे पाणी नंतर. म्हणजे धुऊन निघणारच. शिक्का स्वतः मात्र उत्तम आहे. कडुनिंबाची डहाळी खोल कोरलेली, पानाच्या कडेला दाते, आणि पानाचा तळ दोन्ही बाजूंना असमान, जसा झाडावर असतो. हे काम करणाऱ्याने झाड पाहिले आहे.

पळस करणाऱ्याने पाहिलेले नाही. तुमची कापीव फुले मोगऱ्यासारखी पाच सारख्या पाकळ्यांची आहेत. पळसाच्या फुलाला पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी असते आणि खाली काळसर देठ. झाड फुलते तेव्हा बहुतेक निष्पर्ण असते. तुम्ही फुलांच्या फांदीवर हिरवी पाने दिलीत, तीही पाच-पाच. जगात कुठेही जा, पळसाला पाने तीनच. यावल, चोपड्याकडच्या गिऱ्हाईकाला सातपुड्याच्या पायथ्याशी हा पळस म्हणून विकता येणार नाही. यासाठी पैसे मागत नाही, पण फुले कापायचा पुढचा साचा (डाय) करताना लक्षात घ्या.

मापांची तक्रार मात्र पैशांची आहे. कार्ड १०५ × १४८ मिमी. त्यावर रंगीत चौकटीचा कागद १०१ × १४४ आणि त्यावर पार्श्वभूमीचा तुकडा ९७ × १४० ठेवला, तर चहूबाजूंनी दोन-दोन मिमीची किनार दिसते आणि एका ए-४ शीटमधून, टेपची कड सोडून, बरोबर चार तुकडे निघतात. तुम्ही दिलेले चौकटीचे कागद कार्डाच्याच मापाचे आहेत, त्यामुळे किनार कार्डाला उरत नाही आणि सगळे पुन्हा कापावे लागतात. लिफाफे १०८ × १५२ मिमीचे आहेत. फोमवर उचललेली फुले धरून कार्ड ५ मिमी जाड होते, ते या लिफाफ्यात कोंबले तर पाकळ्या चुरगळतात. ११४ × १६२ चा लिफाफा बाजारात सहज मिळतो. फोमच्या टिकल्यांचा गोंदही दुपारच्या उन्हात मऊ पडतो. उभ्या ठेवलेल्या कार्डांवर फुले संध्याकाळपर्यंत खाली घसरलेली असतात. उष्ण हवामानाचा तुमचा मुद्दा फक्त इथे लागू होतो, आणि इथेही तो गोंद निवडणाऱ्याचा दोष आहे.

खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता नाही, फक्त ई-मेल आहे. पॅकबंद वस्तूंवर हा तपशील छापणे २०११ च्या वैध मापन (पॅकबंद वस्तू) नियमांनुसार बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रीच्या ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे.

आमची मागणी: १७,४०० रुपये आणि आलेला कुरियर खर्च परत करावा, वापरलेला व सीलबंद सगळा माल तुमच्या खर्चाने न्यावा. बदली किट नको, कारण तीही त्याच गोदामातून येतील. उरलेल्या साठ्यावर ‘२०० जीएसएम’ असा शिक्का मारावा, ‘जेसो’ हा शब्द काढावा आणि पत्रक बदलावे. पाडव्याचा हंगाम गेलाच आहे. पाडवा ते आखाजी (अक्षय्य तृतीया) महिनाभर आणि दोन तिथी, आणि तुम्हाला नियमाने मिळणारी मुदतही महिन्याचीच. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्या कार्डांचा माल आम्हाला दुसरीकडून घ्यायचा आहे आणि त्यासाठी हे पैसे लागणार आहेत. मुदतीत रक्कम आली नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो राहत्या जिल्ह्यात करता येतो आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही.

सोबत बिलाची प्रत, काट्यावरच्या वजनाचे दोन फोटो, आणि चाचणीचे चारही तुकडे मागे क्रमांक घालून जोडले आहेत. तुकडे जोडताना मध्ये बटर पेपर घातला आहे, तो काढू नका, नाहीतर दुसऱ्या व चौथ्या तुकड्यावरचा पांढरा रंग बाकीच्यांना लागेल.

माल न्यायला माणूस पाठवाल तेव्हा सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर पाठवा. जेसोच्या बाटल्या उभ्याच न्याव्या लागतील, तीन झाकणे गळतात.

कळावे,
किट खरेदीदार,
अमळनेर, जि. जळगाव