निनावी मजकुराचा माग भाषेतूनही

संपादक महोदय,

निनावी धमकी आली की चर्चा होते ती हस्ताक्षराची नाहीतर मोबाइल नंबरची. मजकुराची भाषाही लिहिणाऱ्याचा पत्ता देऊ शकते, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

अमेरिकेतील ‘युनाबॉम्बर’ १९७८ पासून १७ वर्षे बॉम्ब पाठवत राहिला. तिघांचा बळी गेला, तरी एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेला तो सापडेना. १९९५ मध्ये त्याचे सुमारे ३५ हजार शब्दांचे निवेदन वृत्तपत्रात छापून आले आणि त्याच्या सख्ख्या भावालाच ती शैली ओळखीची वाटली. मग घरची जुनी पत्रे निवेदनाशी ताडून पाहिली गेली. ‘केक खायचाही आणि शिल्लकही ठेवायचा, हे जमत नाही’ या अर्थाची इंग्रजी म्हण सहसा कोणी म्हणत नाही अशा जुन्या शब्दक्रमाने दोन्हीकडे लिहिलेली निघाली! झडतीचे वॉरंट मिळाले ते अशा तुलनेच्या बळावर. १९९६ मध्ये हा युनाबॉम्बर, म्हणजे टेड कॅझिन्स्की, मोंटाना राज्यातील खोपटात पकडला गेला. तिथे बॉम्बही सापडला.

मराठीत तर ‘करून राहिलो’, ‘आलतो’ अशा बोलींच्या खुणा जागोजागी आहेत. अर्थात कोणी मुद्दाम दुसऱ्याची बोली उचलू शकतो, म्हणून एवढ्यावरून कोणाला दोषी धरू नये. पण तपासाला दिशा नक्की मिळेल. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी बोलींचे लिखित नमुने जमवावेत आणि पोलीस प्रशिक्षणात हा विषय यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे