हवाई दलाच्या रोजच्या युद्धनोंदी खुल्या करा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस,
सादर नमस्कार.

७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे आदमपूरहून हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनची (विमान-तुकडीची) मिस्टेअर लढाऊ विमाने सरगोध्याच्या पाकिस्तानी हवाई तळावर चालून गेली. स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या मूळच्या बारा जणांत नव्हते. ते राखीव होते आणि ऐनवेळी तुकडीत सामील झाले. ते परतले नाहीत, आणि आपल्याकडच्या कागदांत त्यांची नोंद ‘बेपत्ता’ एवढीच राहिली. त्यांनी पाकिस्तानी स्टारफायटर या लढाऊ विमानाशी झुंज घेऊन ते पाडले, हे कळले ते समोरच्या बाजूची माहिती एका ब्रिटिश लेखकाच्या लिखाणातून पुढे आल्यानंतर. महावीरचक्र १९८८ मध्ये जाहीर झाले, म्हणजे २३ वर्षांनी. दोन्ही बाजूंची माहिती शेजारीशेजारी ठेवून कुणीतरी वाचली, म्हणून हे घडले.

असे वाचन नेहमीचे व्हावे, यासाठी हे पत्र आहे. मागणी एकच. २५ वर्षांहून जुन्या, स्क्वाड्रन पातळीवरच्या रोजच्या नोंदी मूळ स्वरूपात आणि संपूर्ण, राष्ट्रीय अभिलेखागारात आणाव्यात. अधिकृत इतिहास लिहून होईपर्यंत त्या अडवून ठेवू नयेत.

‘युद्धाचे कागद’ म्हटले की मंत्रालयात गुप्त योजना आणि वरिष्ठांचे पत्रव्यवहार डोळ्यांपुढे येतात. संशोधकाला आधी लागतात ते याहून कितीतरी साधे कागद. ब्रिटिश काळापासून प्रत्येक स्क्वाड्रन मोहीम नोंदवही ठेवत आली. तिचे दोन भाग. फॉर्म ५४० मध्ये दिवसवार हकिकत : तळ कोणता, हवामान कसे, कोण रुजू झाले, कोण बदलून गेले, काय घडले. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाची ओळ : तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, वैमानिक व सहकारी, कामगिरी, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, तपशील. उतरण्याचा रकाना कोरा असेल, तर तिथून पुढचा सगळा शोध सुरू होतो.

ही वही एकटी पुरत नाही. ती महिनाअखेरीस, पुष्कळदा आठवणीवर आणि टिपणांवर विसंबून टाइप केलेली असते. म्हणून तिच्यातली ओळ इतर कागदांशी ताडून पाहावी लागते. उड्डाणाआधी सही होते ती परवानगी-वही, विमानाच्या देखभालीचा फॉर्म ७००, वैमानिकाचे लॉगबुक, परतल्यावर लिहिलेला चकमकीचा अहवाल, तोफेसोबत चालणाऱ्या कॅमेऱ्याची फिल्म आणि अपघात झाला असल्यास चौकशीचे कागद. यांतले तीन जुळले, की घटना पक्की धरता येते. एकट्या ५४१ वरून लिहिलेला इतिहास फार तर पहिला खर्डा.

चुका कुठे होतात, तेही सांगायला हवे, कारण अर्धवट कागद खुले केल्याने त्या वाढतात. पहिली चूक वेळेची. १९६५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे होते आणि पूर्व पाकिस्तानचे अर्धा तास पुढे. पश्चिमेकडच्या नोंदीतले साडेपाच म्हणजे आपले सहा. हा अर्धा तास विसरला, की एकाच चकमकीच्या दोन चकमकी होतात. दुसऱ्या महायुद्धात तर १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताचेच घड्याळ एक तास पुढे केलेले होते, आणि काही कागदांत ग्रीनिच वेळ लिहिलेली सापडते. कुठली वेळ वापरली हे पानावर लिहिलेले असेलच असे नाही. मग त्या दिवसाच्या सूर्योदयाशी किंवा शेजारच्या स्क्वाड्रनच्या वहीशी मेळ घालावा लागतो. ही शेजारची वही खुली नसेल, तर मार्ग खुंटतो.

दुसरी चूक क्रमांकांची. कार्बन कागदावरच्या तिसऱ्या-चौथ्या प्रतीत ३ आणि ८ सारखेच दिसतात. महायुद्धातल्या विमानांसाठी यावर उपाय आहे : लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये प्रत्येक विमानाच्या हालचालींचे फॉर्म ७८ हे कार्ड आणि अपघातांचे फॉर्म ११८० हे कार्ड जपलेले आहे, त्यावरून क्रमांक पारखता येतो. नावांचेही तसेच. एकाच वैमानिकाचे नाव तीन स्पेलिंगांनी येते, म्हणून सेवा क्रमांकावर भरवसा ठेवावा. स्थळांसाठी ग्रिडचे, म्हणजे नकाशावरच्या चौकटींचे, आकडे दिलेले असतात, पण ते कुठल्या नकाशावरचे हे लिहिणारा गृहीत धरतो; तो नकाशा परिशिष्टात असतो, आणि परिशिष्टे बहुधा वहीपासून सुटलेली असतात.

स्क्वाड्रनचा क्रमांकही फसवतो. फाळणीत एक नंबर स्क्वाड्रन पाकिस्तानच्या वाट्याला गेली. १९५३ मध्ये आपल्याकडे १५ नंबरला तो क्रमांक देऊन परंपरा पुन्हा सुरू झाली. म्हणजे १९४४ साली इम्फाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांच्या हाताखाली हरिकेन विमाने उडवणारी एक नंबर आणि १९६५ ची एक नंबर यांच्या कागदांचा प्रवास पूर्ण वेगळा आहे. सूची करणाऱ्याला हे माहीत नसेल, तर सगळे एकाच गठ्ठ्यात जाते.

महोदय, आता एक विसंगती. ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालेल्या आपल्या हवाई दलाच्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीचा अभ्यास करायचा, तर सगळ्यांत सोयीची जागा लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथे स्क्वाड्रनच्या वह्या ‘एअर २७’ या मालिकेत, तळांच्या ‘एअर २८’ मध्ये, समुद्रपार कमांडांचे कागद ‘एअर २३’ मध्ये आणि चकमकींचे अहवाल ‘एअर ५०’ मध्ये लावलेले आहेत. धोरणविषयक कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात. अमेरिकी बाजू अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दल इतिहास संस्थेत, जपानी बाजू टोकियोत आणि जपानच्या सरकारी ऑनलाइन संग्रहात. अर्थात ऑगस्ट १९४५ मध्ये जपान्यांनी पुष्कळसे कागद जाळले, त्यामुळे तिथे पोकळ्या आहेत. ज्यांचा देह सापडला नाही अशा हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर कोरलेली आहेत. हे सगळे कुणालाही पाहता येते. स्वतंत्र भारताने लढलेल्या युद्धांच्या स्क्वाड्रन-वह्या मात्र कुणाही अभ्यासकाने चिठ्ठी भरून वाचनकक्षात मागवाव्यात, अशी सोय दिल्लीत नाही. आपल्या वैमानिकांचे १९४४ परदेशात वाचता येते आणि १९७१ घरी वाचता येत नाही, याचे दुःख होते.

कायद्याची अडचण नेमकी कुठे आहे, ते पाहू. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ च्या कलम १२ प्रमाणे ३० वर्षांहून जुने, गोपनीय नसलेले आणि अभिलेखागाराकडे आलेले कागद संशोधकांना दाखवता येतात. पण कलम १० म्हणते, गोपनीयतेचा शिक्का असलेला कागद अभिलेखागाराकडे पाठवायचाच नाही. युद्धकाळातल्या जवळपास प्रत्येक वहीवर ‘गुप्त’ किंवा ‘गोपनीय’ असा शिक्का असतो. तो त्या आठवड्यापुरता योग्यच होता. १९९७ च्या नियमांप्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याने असे कागद दर पाच वर्षांनी तपासून शिक्का उतरवायचा आहे. एकेक पान वाचून सही करण्याची जबाबदारी घ्यायला कोण पुढे येईल? काहीच न केल्याबद्दल कुणाला जाब विचारला जात नाही, आणि चुकून एखादे पान खुले केले तर विचारला जाईल ही भीती असते. शिक्का तसाच राहतो.

जून २०२१ मध्ये आपल्या मंत्रालयाने युद्ध-अभिलेखांचे धोरण जाहीर केले, त्याचे आम्ही मनापासून स्वागत केले होते. त्यात मोहीम नोंदवह्यांचा नावानिशी उल्लेख आहे, साधारण २५ वर्षांत गोपनीयता उतरवावी असे म्हटले आहे, आणि युद्ध संपल्यावर दोन वर्षांत समिती व पुढच्या तीन वर्षांत इतिहास अशी मुदतही आहे. पण एक वाक्य सगळे रोखून धरते : जुने कागद अभिलेखागाराकडे जायचे ते युद्धेतिहास संकलित झाल्यानंतर. इतिहास लांबला, की कागदही लांबतात.

आणि इतिहास लिहून झाला तरी तो मूळ कागदांची जागा घेत नाही. हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसायांनी निवडलेले ४५ खंड १९३० च्या दशकात निघाले, मोठेच काम झाले. तरी निवडीबाहेर राहिलेल्या रुमालांकडे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांकडे, संशोधकाला आजही जावेच लागते. निवडणाऱ्याला जे किरकोळ वाटते, तेच पुढच्या पिढीला हवे असते.

म्हणून उपाय असा सुचवतो. पानापानाची छाननी सोडून मालिका आणि तारीख धरून एकच आदेश काढावा : ३१ डिसेंबर १९७१ पर्यंतचे फॉर्म ५४०, ५४१, त्यांची परिशिष्टे आणि चकमकींचे अहवाल गोपनीयतेतून मुक्त. ज्या स्क्वाड्रनचा जो महिना खरोखर रोखायचा असेल, त्याची यादी कारणासह जोडावी आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहावी. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(३) वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, राष्ट्रसुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडून, द्यायलाच सांगते. कलम १० नाजूक भाग झाकून उरलेला द्यायला सांगते. आदेश याच तत्त्वावर बसवता येईल.

स्कॅनिंगबद्दल आग्रहाने सांगतो, कारण एकदा वाईट केलेले काम पुन्हा कुणी करत नाही. स्कॅन रंगीतच हवे, निदान ४०० डीपीआयचे. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये लाल पेन्सिलीची दुरुस्ती आणि शाईचा फरक नाहीसा होतो, आणि तीच दुरुस्ती पुष्कळदा खरी बातमी असते. पानाची मागची बाजू कोरी दिसली तरी घ्यावी. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, पण परिशिष्टे ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने ठेवावीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. मूळ फाइल टिफ या चित्र-स्वरूपात, चेकसमसह (फाइल बदललेली नाही हे तपासण्याचा आकडा), दोन वेगळ्या शहरांत ठेवावी. वाचकाला लहान प्रत पुरते. फिकट कार्बन प्रतीवर ओसीआर, म्हणजे संगणकाने अक्षरे ओळखणे, भरवशाचे नाही, त्यामुळे पाच रकाने माणसाने भरावेत : स्क्वाड्रन, महिना, तळ, विमानांचे क्रमांक, वैमानिकांची नावे. एवढी सूची असली तर हरवलेल्या माणसाचे नातेवाईकही स्वतः शोधू शकतील.

फिल्म कागदाइतकी वाट पाहणार नाही. कॅमेरा-गनची १६ मिलिमीटर फिल्म ॲसिटेटची असते. ती कुजू लागली की व्हिनेगरसारखा वास येतो, आणि सुटणारे आम्ल कुजणे आणखी वाढवते. शेजारचे डबेही बाधतात. डबा उघडल्यावर वास आला तर तो त्याच दिवशी वेगळा करावा, थंड आणि कोरड्या जागी हलवावा आणि डिजिटल प्रतीसाठी रांगेत पहिला धरावा. एकदा फिल्म आकसून वेडीवाकडी झाली की ती यंत्रातून जात नाही.

कुटुंबांकडची लॉगबुके हा वेगळा विषय. ती त्यांची ठेव आहे, मागून घेऊ नये. हवाई दलाच्या तळांवर स्कॅन करून मूळ वही त्याच दिवशी परत देण्याची सोय करावी, म्हणजे लोक आणतील.

सुरुवात १९४७-४८ पासून करावी. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवणारी डाकोटा विमाने, पुंछचा हवाई पूल, मे १९४८ मधले लेहचे पहिले अवतरण : दल लहान होते, वह्या थोड्या आहेत, आणि त्या काळचे कुठलेच गुपित आता गुपित नाही. त्याही आधी, स्कॅनच्या निविदा निघण्यापूर्वी, मंत्रालयाचा इतिहास विभाग, हवाई दल मुख्यालय आणि स्क्वाड्रनांकडे मिळून कोणत्या स्क्वाड्रनच्या कोणत्या महिन्याची वही आहे आणि कोणती नाही, याची यादी जाहीर करावी. तिच्यात ‘सापडत नाही’ असे लिहिलेले महिनेही असावेत. कुठला कागद नाही हे कळले, की तो क्यूमध्ये, कुणाच्या लॉगबुकात की शेजारच्या तळाच्या वहीत शोधायचा, ते आम्ही पाहू.

आपले,
हवाई दलाच्या युद्धकाळाचे अभ्यासक