नानांचं इंजिन

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, दोनदा तुझा फोनही घेतला नाही. तब्येत बरी आहे, साखर ताब्यात आहे. पण गाडीचं कसं सांगू, या विचारानेच गप्प बसलो होतो.

रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात नानांच्या शेवरले फ्लीटमास्टरने दम टाकला. सेकंडला ओढेना, कार्ब्युरेटरमधून फटफट करायला लागली. याच घाटातून नाना आपल्या आठजणांना कोंबून, शीळ घालत वर यायचे आणि मागे तुझी आत्या डोळे मिटून रामरक्षा म्हणायची. कठड्यावर बसलो आणि रडू आलं रे.

उद्यमनगरात मिस्त्रींनी सहाही प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं. चौघांना शंभराच्या वर, तीन आणि चार नंबरला जेमतेम साठ. सिलिंडरमध्ये थोडं तेल ओतून पुन्हा बघितलं, काटा हलला नाही. म्हणजे रिंगा ठीक. शेजारचे दोनच पडलेत म्हटल्यावर गॅस्केट! हेड उतरवलं तर दोघांमधली पट्टी जळून गेलेली. हेड फेस केलं, व्हॉल्व लॅप केले, इंजिन गरम असताना टॅपेट लावले: इनटेक सहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्ट तेरा.

तरी पिकअप पुरता येईना. प्लग बघितले तर पांढरेफटक, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हा वीस टक्के इथेनॉलचा प्रताप. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपासच. १९४७च्या कार्टर कार्ब्युरेटरला हे कोण सांगणार? मिस्त्रींनी पेट्रोलची धार ठरवणारा एक जुना मीटरिंग रॉड पॉलिश पेपरवर घासून बारीक केला, म्हणजे पेट्रोल जास्त सुटतं. आता प्लग कॉफीच्या रंगाचे येतात आणि गाडी ओढते. खरंच ओढते, दिल्या! कात्यायनीचा चढ टॉपवर काढला.

आणि तिथंच, उतारावर पाय सोडला तशी टकटक ऐकू आली. दोन नंबरचा प्लग शॉर्ट केला की आवाज बंद. बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचं, व्हाइट मेटल गेलंय.

तुला माहीत आहे, या २१६ घनइंची इंजिनात रॉडपर्यंत प्रेशरने तेल जात नाही. रॉडच्या टोकाचा डिपर तेल उपसतो, त्यावर सगळा कारभार. म्हणून तर नाना म्हणायचे, हिला पळवू नका, ओढू द्या. मिस्त्री म्हणतात, १९५४ नंतरचं २३५ मिळतंय, तेच बसवा. तेलाला पूर्ण प्रेशर, बदलता येणारी शेल बेअरिंग, ताकद जास्त, माउंटिंगची थोडी खटपट. किंवा मेटल पुन्हा ओतू, पण ओतणारा हात आता एकच उरलाय आणि त्यांना नीट दिसत नाही.

८९ साली तू मॅटॅडोरचं डिझेल टाकू म्हणालास, तेव्हा आपण सहा महिने बोललो नाही. तेव्हा तू चुकलास, हे मी आजही म्हणेन. पण २३५ शेवरलेचंच आहे, सहाच सिलिंडरचं, आवाजही तोच. मग माझा हात का धजत नाही? शिवडीच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हापासूनचं हे इंजिन. त्याच्या नंबरवर बोट ठेवून नाना आपल्याला आकडे वाचायला लावायचे. गाडी तुम्ही मला दिलीत, पण ते इंजिन माझं एकट्याचं नाही.

तुझ्या पोरीला नोकरी लागली, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय ते एकदा करून टाक.

मार्चात येशील तेव्हा कार्टर डब्ल्यू-वनचे मीटरिंग रॉड आण, आणि इथेनॉल सोसणारा पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम. मिशिगनमध्ये सहज मिळेल. पण इंजिनाचं त्याआधी कळव. दोन नंबरचा रॉड उतरवून रॉकेलने धुऊन ठेवलाय. मेटलला नखाएवढी भेग आहे, डिपर मात्र अजून कोरा आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी मिस्त्रींना काही सांगत नाही.

तुझा,
सुऱ्या