ग्र्युनबेर्ग नेमकं कुठलं, हे दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आलेल्या सुना-जावयांच्या जर्मन पूर्वजांची गावं शोधायला तुम्ही जी मदत केलीत, तिचे आभार चार लोकांसमोर मानावेत म्हणून हे उघडं पत्र.

सगळ्यात आधी आभार तुमच्या नकाराचे. आडनाव जुळलं की थेट जर्मनीतली दप्तरं उघडायची, ही घाई तुम्ही करू दिली नाहीत. आधी अमेरिकेतलं चर्च बघायला लावलंत. जनगणनेत बहुतेक वेळा नुसतं 'प्रशिया' किंवा 'हेसे-डार्मश्टाट' असं तेव्हाच्या जर्मन राज्याचं नाव असतं. १९०६ च्या आधीचे नागरिकत्वाचे कागदही सहसा देशाच्या नावावरच थांबतात. जर्मन वस्तीतला पाद्री मात्र मृत्यूच्या नोंदीत जन्मगाव लिहून ठेवायचा, आणि बहुधा शुद्ध, कारण ते नाव त्याच्या कानाला परकं नव्हतं. इंग्रजी कारकुनाने 'ग्र्युनबेर्ग' या गावाचंच 'ग्रीनबर्ग' करून टाकलेलं असतं! तिथेही गाव नसेल तर भावंडांच्या, शेजाऱ्यांच्या, बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांच्या नोंदी चाळायच्या, हेही तुमच्याकडूनच शिकलो.

मग कळतं की ग्र्युनबेर्गही एक नाही. एक हेसेत, गीसेनजवळ. दुसरं सिलेसियात, म्हणजे आजच्या पोलंडमधलं झिएलोना गुरा. मायरचा १९१२-१३ चा गावकोश आणि जनगणनेतलं ते बिनकामाचं वाटलेलं 'हेसे-डार्मश्टाट' शेजारी ठेवल्यावर सिलेसिया बाद होतं. जहाजांच्या याद्यांचं नशीब बंदरावर. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ च्या याद्या आहेत, त्यांत प्रवासी कुठून आला ते असतं. ब्रेमेनच्या जुन्या याद्या बहुतेक नष्ट झाल्या. ब्रेमेनहून निघालेल्यांसाठी पुन्हा चर्चचंच दार.

कुरेंट लिपीसाठी, म्हणजे त्या वह्यांतल्या जुन्या जर्मन हस्ताक्षरासाठी, तर वेगळे आभार. पान मोठं करून तुम्ही लाल शाईने दाखवलंत की 'ई' आणि 'एन' दोन्ही म्हणजे दोन उभ्या काड्या, फक्त 'ई'च्या जरा चिकटून. 'यू'ही तसाच दिसतो, फक्त त्याच्यावर बाक. तो बाक शाईत विरला की आडनावच बदलतं. बाईच्या आडनावाला 'इन' लागतो, म्हणून वहीतली 'म्युलरिन' ही म्युलरांचीच लेक. आणि एका घरात तीन योहान दिसले म्हणून दचकायचं नाही, हाक दुसऱ्या नावाने मारायचे. अमेरिकेतला 'हाइनरिश' बाप्तिस्म्याच्या वहीत 'योहान हाइनरिश' म्हणून सापडतो.

संपूर्ण जर्मनीत सरकारी जन्मनोंदी १८७६ पासूनच्या. त्याआधीचं बहुतेक काम चर्चच्या वह्यांवर. कॅथलिक असतील तर सहसा मात्रिकुला या संकेतस्थळावर फुकट, प्रोटेस्टंट असतील तर सहसा आर्किओन या संकेतस्थळावर पैसे भरून. पैसे भरण्याआधी गाव पक्कं करा, हा तुमचा हिशोबी सल्ला आमच्या फार कामी आला.

पुढची चार पानं पाठवतो आहोत. तिसऱ्यावर '७बर' लिहिलंय. तो जुलै नव्हे, सप्टेंबर (लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्टेम'), एवढं आता आमचं आम्हाला कळतं. त्याखालची ओळ मात्र तुम्हीच बघा.

आपली ऋणी,
शोधकरी मंडळी