अर्जात आपल्या घराचंही लिही

प्रिय बाय,

काल रात्री फोनवर तू विचारलंस, बाबा, सायकोअ‍ॅनालिसिसच्या ट्रेनिंगच्या अर्जाबरोबर स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहून द्यायचंय, त्यात 2012 चं लिहू का, आणि मी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. रेंज होती गो. बोलायला जमलं नाही म्हणून आता लिहितोय, आई झोपलीय.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं सगळं मी दोनदा वाचलं. आधी मला वाटलेलं सायकोअ‍ॅनालिस्ट व्हायचं, माणसाला बोलतं करून त्याच्या मनातलं उलगडणारा, म्हणजे एखादी एन्ट्रन्स, मार्क, मेरिट लिस्ट, झालं. तुझं एमफिल झालंय, आरसीआयचं, म्हणजे सरकारी कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन आहे, मग आणखी काय बघणार. पण इथं डिग्री फक्त दारापर्यंत नेते. पुढे दोन-तीन सिनियर लोक तुला वेगवेगळं बसवून लहानपण विचारणार, कुणाची भीती वाटायची, कोण गेलं तेव्हा काय केलंस. आणि घेतलं तरी आधी तुझंच अ‍ॅनालिसिस, आठवड्यातून चार-पाच दिवस, कोचावर पडून पाऊण-पाऊण तास, तेही वर्षानुवर्षं. त्याच्या जोडीला सेमिनार, आणि निदान दोन पेशंट सिनियरच्या देखरेखीखाली, दर आठवड्याला त्यांना जाऊन सांगायचं काय झालं ते. ही तीन पायांची पद्धत 1920 नंतर बर्लिनला बसवली ती अजून तशीच चालू आहे हे वाचून मला नवल वाटलं.

तुझी आई म्हणते डॉक्टरने स्वतःच इतकी वर्षं औषध कशाला घ्यायचं. मला मात्र ती पद्धत पटली बघ. माझ्या टिपरवर, खाणीचा माल वाहायच्या ट्रकवर, कुणालाही मी एकदम स्टिअरिंग दिलं नाही, आधी क्लीनर म्हणून बाजूला बसायचं, घाटात गाडी कशी ओढते ते अंगाला कळायला हवं. तसंच असणार हे.

डॉक्टर नाही म्हणून तुला कमी लेखतील ही भीती काढून टाक. हे सगळं ज्याने सुरू केलं त्या फ्रॉइडने स्वतः 1926 साली एक पुस्तकच लिहिलं की यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. आणि आपले नावाजलेले सायकोअ‍ॅनालिस्ट सुधीर कक्कर, बाणावलीला राहायचे, 2024 साली गेले तेव्हा पेपरात आलेलं, ते तर मेकॅनिकल इंजिनिअर, अहमदाबादला शिकलेले, आणि ट्रेनिंग घेतलं फ्रँकफर्टला. कोलकात्याची सायकोअ‍ॅनालिसिसची सोसायटी गिरींद्रशेखर बोसांनी 1922 सालीच काढलेली, म्हणजे आपल्या देशात हे शंभर वर्षांहून जुनं आहे, कालपरवाचं फॅड नाही. मामा काय म्हणतो त्याकडे लक्ष देऊ नको.

आता 2012 चं.

पावसानंतर सीझन सुरू होणार म्हणून मी दोन्ही टिपरना नवे टायर घातलेले, कर्ज डोक्यावर होतंच, आणि सप्टेंबरात गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या. डिचोलीत घरोघरी तेच होतं, पण दुसऱ्यांचे बाप निदान बोलत तरी होते. मी बल्कावावर, घरापुढच्या ओट्यावर, बसून राहिलो. सकाळी बसायचो ते दिवेलागणीपर्यंत. तू सहावीत होतीस. शाळेतून येऊन माझ्या बाजूला सोप्यावर चहाचा ग्लास ठेवायचीस आणि खाली पायरीवर बसून गृहपाठ करायचीस, खेळायला जायचीस नाही. चहावर साय धरायची, तू ग्लास उचलून आत नेऊन परत गरम करून आणायचीस. एकदा विचारलंस, बाबा मी काय केलं? मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या वर्षी कणा दुखतो म्हणून मी बांबोळीच्या हॉस्पिटलात जायचो ना, ते कण्यासाठी नव्हतं. मनाच्या डॉक्टरांकडे जायचो. आठ महिने गोळ्या घेतल्या, त्यांनीच मला उभा केला. तुला आणि दादाला खोटं सांगितलं, आईला मीच गप्प राहायला लावलं. तेव्हा वाटलं लोक म्हणतील बापाचं डोकं फिरलं, पोरीचं लग्न कसं होणार. चुकलं माझं.

तू म्हणालीस हे लिहिलं तर घेणार नाहीत. मी वाचलं त्यावरून मला तसं वाटत नाही. ज्याच्या घरात कधी काही झालंच नाही असं माणूस ते शोधत नसणार, झालेलं न लपवता बघता येतं का हेच विचारत असणार. लपवून गेलीस तर कोचावर पडल्यावर कधीतरी निघणारच. तेव्हा लिही. माझी परवानगी आहे, आईशी मी उद्या बोलतो.

पैशाचं बघू आपण. तुझे ते सेशनचे पैसे दर आठवड्याचे, त्यामुळे एकरकमी काढायचे नाहीत, महिन्याला जमेल. यंदा काजूला बरा भाव मिळाला, पहिल्या वर्षाचं मी धरून ठेवलंय. हॉस्पिटलातली नोकरी मात्र सोडू नको, ट्रेनिंगला किती वर्षं लागतील कोण जाणे, आणि आरसीआयचा नंबर हाच तुझा पोटाचा आधार.

आणि बाय, तो चहाचा ग्लास स्टीलचा होता की काचेचा ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर तसंच लिही.

तुझा
बाबा