रविवारी आरओ बंद : मेंब्रेन बदलणार

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी 9 ते दुपारी 2 तळमजल्यावरचा आरओ (पिण्याचं पाणी शुद्ध करणारं यंत्र) बंद राहील. शनिवारी रात्रीच कळश्या भरून ठेवा.

बोअरच्या क्षारांनी मेंब्रेन (आरओमधला पाणी गाळणारा बारीक पडदा) चोंदलंय. धार करंगळीएवढी झालीय, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 60 वरून 210 वर गेलाय. 500 च्या आत चालतो हे खरं, पण आकडा असा चढायला लागला की थांबण्यात अर्थ नाही. कार्बन फिल्टरही बदलतोय, नाहीतर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नवं मेंब्रेन खराब करतं. गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर तर पंचगंगेच्या गढूळ पाण्यानं चहासारखा झालाय.

महत्त्वाचं : नव्या मेंब्रेनमध्ये ते टिकवण्यासाठी रसायन असतं. सुरू केल्यावर पहिला तासभर येणारं पाणी कृपया कुणी पिऊ नका, लहान मुलांना तर अजिबात देऊ नका. ते बादल्यांत धरून जिना धुऊ.