वडिलांच्या वहीतली एकोणचाळीस मिनिटं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीचं सहस्रचंद्रदर्शन २०२५ च्या जूनमध्ये झालं. त्यानिमित्त तिच्या नातीने हौसेने आज्जीची पत्रिका मोबाइलवर काढली. आमच्या वडिलांच्या वहीत जन्मवेळ लिहिलेली आहे: ऑक्टोबर १९४४, सकाळी ७-२०, परळ. मोबाइलने तूळ लग्न दाखवलं, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास तूळ. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनी नुसतं साल ऐकलं आणि विचारलं, "युद्धातला जन्म ना? मग एक तास वजा करा." त्यांच्या हिशेबाने कन्या लग्न आलं. नात गोंधळली. "आज्जी सात-वीसला जन्मली म्हणजे सात-वीसलाच ना?" असं ती मला विचारत राहिली, कारण मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे.

पत्रिकेवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. वेळेच्या बाबतीत मात्र गुरुजींचंच बरोबर होतं. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. ग्रीनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे असतो, त्या तीन वर्षांत साडेसहा तास पुढे होतो. संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा, वीज आणि इंधन वाचावं म्हणून पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१६ मध्ये, जर्मनीने घड्याळं पुढे केली. महिन्याभरात ब्रिटनने तेच केलं. दुसऱ्या महायुद्धात ती पाळी आपल्यावर आली.

आई सांगायची, "पोरगी झाली तेव्हा उन्हं आली नव्हती. सुईणीने कंदील तसाच ठेवला होता." ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने साडेसहाच्या सुमारास उगवतो. सात-वीसला आमच्या चाळीच्या गॅलरीत ऊन पसरलेलं असतं. सहा-वीसला नुसतं फटफटलेलं असतं. आईचा कंदील आणि गुरुजींनी वजा केलेला तास, दोन्ही जुळले. आई कधी शाळेत गेली नव्हती, पण आमच्या घरातला सगळ्यात पक्का पुरावा तिच्याच तोंडी होता.

आता त्याच वहीतलं दुसरं पान सांगते. माझा मोठा भाऊ १९३८ चा. वडिलांनी जांभळ्या शाईत लिहिलं आहे: "ता. १४ जून, रात्रौ ११-४० मुं. टा." आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात, "ता. १५ जून, १२-१९ स्टँ. टा." एकाच मुलाच्या दोन जन्मवेळा आणि दोन जन्मतारखा. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. कामावर गाडीची वेळ, घरी मुंबईची वेळ, असा त्यांचा रोजचा संसार दोन घड्याळांवर चालायचा. म्हणून त्यांनी दोन्ही लिहून ठेवल्या. जन्माची नोंद पालिकेत १४ तारखेची झाली. पुढे शाळेत नाव घालताना वडिलांनी १५ सांगितली. भाऊ निवृत्त झाला तेव्हा दोन दाखल्यांत एका दिवसाचा फरक निघाला आणि एका कार्यालयात त्याचे पेन्शनचे कागद सात महिने अडकले. वही नेऊन दाखवली, तर समोरच्या माणसाने विचारलं, "मुं. टा. म्हणजे काय?" आम्ही सांगितलं. "सरकारी कागद आणा," म्हणाला. त्याला दोष देत नाही. दाखवायला तसा कागद आमच्याजवळ नव्हता. शेवटी प्रतिज्ञापत्र करून सुटका झाली. आईला मात्र यातलं काहीच पटलं नाही, कारण तिचा दिवस मध्यरात्री बदलतच नसे, सूर्योदयाला बदले.

मुं. टा. म्हणजे मुंबई टाइम, आणि स्टँ. टा. म्हणजे स्टँडर्ड टाइम, आपली प्रमाण वेळ. पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटं घेते. मुंबई ७२ अंश ५० मिनिटं पूर्वेला, आणि प्रमाण वेळेची रेषा मिर्झापूरजवळून जाणारी, साडेब्याऐंशी अंशांवर. अंतर सुमारे पावणेदहा अंशांचं. चाराने गुणलं की एकोणचाळीस मिनिटं येतात. मुंबईच्या डोक्यावर सूर्य तेवढ्या उशिरा येतो, आणि शहराचं जुनं घड्याळ त्या सूर्याप्रमाणे चालायचं. हा हिशेब मी दर वर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवत असे. त्यामागे केवढं भांडण झालं होतं, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं.

१८८० च्या सुमारास देशभरच्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत. मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली, आणि शहर बिथरलं. राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा होता. त्याच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवायची यावरून विद्यापीठात वाद झडले. दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली तेव्हा पुन्हा तेच. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, त्यात हे घड्याळही वरून लादलेलं. त्याच जानेवारीत मुंबईतल्या एका कापड गिरणीचे हजारो कामगार फाटकापाशी जमले आणि नव्या वेळेवर काम करायला त्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. घड्याळ पुढे सरकलं म्हणजे मालकाच्या दृष्टीने आकडाच बदलला, पण पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बाईची एकोणचाळीस मिनिटांची झोप गेली. फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी मुंबईच्या वेळेच्या बाजूने उभे राहिले. महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ जपली, ती थेट १९५५ पर्यंत. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी मुंबईत "किती वाजले?" या प्रश्नाला दोन खरी उत्तरं होती.

माझं म्हणणं या जुन्या हकिगतीपुरतं नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने वैध मापनशास्त्र कायद्याखाली भारतीय प्रमाण वेळेच्या नियमांचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यापारी कामात फक्त भारतीय प्रमाण वेळ वापरायची, असा त्याचा गाभा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतली अणुघड्याळं ही वेळ राखतात, आणि ती देशभर अचूक पोहोचावी अशी योजना आहे. बँकांचे व्यवहार, वीजवहन, दूरसंचार यांना सेकंदाच्या बारीक भागापर्यंत एकच वेळ लागते. मला हे पाऊल पूर्ण मान्य आहे.

पण उद्याच्या वेळेची इतकी काळजी घेणाऱ्या सरकारने मागच्या वेळेचा हिशेबही अधिकृतपणे लिहून ठेवायला हवा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या गावात, कुणाच्या घड्याळात किती वाजत होते, याचा एक साधा तक्ता राजपत्रात छापून यावा. मद्रासची वेळ, कलकत्त्याची वेळ, मुंबईची वेळ, १९०६ चा बदल, १९४२ ते ४५ चा वाढीव तास, सगळं त्यात असावं. आसामच्या चहाच्या मळ्यांत प्रमाण वेळेपेक्षा तासभर पुढची "बागान टाइम" चालत आली, तीही असावी. ज्या मजुरांच्या पिढ्या त्या घड्याळावर जन्मल्या आणि राबल्या, त्यांच्याही नोंदी आहेतच.

हा तक्ता पंचांगकर्त्यांना तोंडपाठ आहे, म्हणूनच आमच्या गुरुजींना एक क्षणही विचार करावा लागला नाही. जगभरच्या संगणकांतही असा एक तक्ता बसवलेला असतो, आणि तो कित्येक वर्षं जाणकार स्वयंसेवकांनी मेहनतीने सांभाळला आहे. पण १९७० नंतर ज्या ठिकाणांची घड्याळं वेगळी चालली, त्यांनाच त्यात स्वतंत्र नोंद मिळते. भारताची नोंद कलकत्त्याच्या नावाने एकच आहे. मुंबईची एकोणचाळीस मिनिटं त्यात नाहीतच. आमच्या नातीच्या मोबाइलने तर युद्धातला तासही धरला नव्हता, सरसकट साडेपाच तास धरून मोकळा झाला. यात ॲप बनवणाऱ्याची चूक मानायची, तर त्याने बघावं असं आपलं अधिकृत पान तरी कुठे आहे?

वेळेचा कायदा नसला की काय होतं, याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १८५८ साली इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरच्या न्यायालयात दहाची सुनावणी होती. न्यायालयाच्या घड्याळात ग्रीनिचप्रमाणे दहा वाजले, प्रतिवादी हजर नव्हता, निकाल विरुद्ध गेला. तेवढ्यात तो आला आणि म्हणाला, गावाच्या घड्याळात अजून दहा वाजलेले नाहीत. वरच्या न्यायालयाने त्याचंच म्हणणं उचलून धरलं. दहा म्हणजे त्या गावचे दहा. पुढे १८८० मध्ये संसदेने कायदा करून कायद्यातली वेळ म्हणजे ग्रीनिचची वेळ असं ठरवलं, तेव्हा कुठे हा घोळ मिटला. आपल्याकडे त्या एका गावाऐवजी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी शहरंच्या शहरं होती.

मुंबईकरांच्या जवळचं एक उदाहरणही देते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. गोदीतलं घड्याळ चार वाजून सहा मिनिटांनी बंद पडलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दर वर्षी त्या दिवशी अग्निशमन दलाच्या जवानांना श्रद्धांजली वाहिली जाते. ती वेळ जर युद्धासाठी पुढे केलेल्या घड्याळाची असेल, तर आजच्या हिशेबाने तेव्हा तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. उन्हाचा तडाखा, भरतीची वेळ, शाळा सुटली होती की नव्हती, हे सगळं त्या एका तासावर ठरतं. इतकी माणसं ज्या क्षणी गेली, तो क्षण तरी आपण नीट मांडायला नको का?

युद्धात जन्मलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. रात्री बारा ते एकच्या दरम्यान जन्मलेल्यांची तर आजच्या घड्याळाने तारीखच एक दिवस मागे जाते. त्यांच्या नातवंडांना दाखले, वंशावळी, जुने खटले वाचताना हा तक्ता लागेल. त्याला नवीन यंत्र नको, मोठा खर्च नको. जुनी राजपत्रं, महापालिकांचे ठराव आणि रेल्वेची वेळापत्रकं एका टेबलावर आणून बसायला चार अभ्यासू माणसं हवीत. नियमांना जोडून एक परिशिष्ट, एवढीच मागणी आहे. आपल्या वृत्तपत्राने ती त्या विभागापर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

बहिणीच्या पत्रिकेवर आम्ही आता "७-२० (युद्धकालीन), ६-२० भा. प्र. वे." असं दोन्ही लिहून ठेवलं आहे. वडिलांची वहीही माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. विभागाला १४ जून १९३८ च्या पानाची प्रत हवी असेल, तर ती मी स्वखर्चाने पाठवीन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
परळ, मुंबई